२०३५ सालचं कात्रण

५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतल्या धराली गावावर खीरगंगेच्या नाळेतून दगडमातीचा लोंढा आला आणि बघता बघता हॉटेलं, घरं, बाजार सगळं गाडलं गेलं, तो व्हिडिओ तुम्ही पण पाहिला असेल. मी त्या दिवशी ठाण्याला मामांकडे होतो. टीव्हीवर खाली पट्टी चालू होती, धरालीत ढगफुटी, आणि वर डिबेट. एक पाहुणे म्हणत होते की हिमालयातला बर्फ आता संपतच आलाय, तर दुसरे म्हणाले की अहो हेच शास्त्रज्ञ २०३५ पर्यंत सगळा बर्फ जाणार म्हणत होते, ते खोटं निघालं ना, मग आता यांचं कशाला ऐकायचं. मामा उठले, कपाटातली प्लास्टिकची फाईल काढली. त्यात विम्याच्या कागदांमागे २०१० सालचं पेपरचं कात्रण होतं, घडीवर पिवळं पडलेलं, मथळ्याखाली निळ्या बॉलपेनने रेघ मारलेली. "हे बघ, जपून ठेवलंय मी. यांनी स्वतःच चूक कबूल केली होती." मामा बँकेतून रिटायर झालेत, आकड्यातली चूक त्यांना सहन होत नाही, आणि त्यांच्या रागात खोटं काहीच नव्हतं. पण मला राहून राहून वाटत होतं की पंधरा वर्षं आपण त्याच एका आकड्यावर भांडतोय, आणि धरालीतली ती हॉटेलं नेमकी कुठे बांधली होती हे त्या तासाभरात एकाने पण विचारलं नाही.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपली माध्यमं विज्ञान सांगतच नाहीत, ती भाकीत सांगतात. अमुक साली बर्फ संपणार, अमुक साली मुंबई बुडणार, यंदा पाऊस इतके टक्के. भाकीत म्हटलं की ते एक तर खरं ठरतं नाही तर खोटं, तिसरं काही शिल्लक राहत नाही, आणि एक खोटं ठरलं की सांगणाराच खोटा. पर्यावरणाचं धोरण ठरवायला जे खरं लागतं, म्हणजे आपल्याला किती माहिती आहे, कितपत खात्रीने माहिती आहे आणि तेवढ्यावर आज काय करायचं, ते या खऱ्या-खोट्याच्या भांडणात वाहून जातं. आणि यात दोन्ही बाजू सारख्याच दोषी आहेत, घाबरवणारे पण आणि टर उडवणारे पण.

२०३५ ची गोष्ट नीट सांगायला हवी कारण ती अर्धवटच सांगितली जाते. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावर जगभरचं संशोधन तपासून अहवाल देणारी आंतरराष्ट्रीय समिती, हिला २००७ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी आलेल्या तिच्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, जवळपास हजार पानांच्या, एका परिच्छेदात लिहिलं होतं की आत्ताचा वेग राहिला तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याच्याही आधी नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, आणि एकूण क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल. आता मूळ हिमालयातल्या हिमनद्यांचं सगळं क्षेत्र मिळून त्या ५ लाखांच्या दहाव्या हिश्श्याएवढं पण नाही. म्हणजे कोणी साधी बेरीज केली असती तरी शंका आली असती. हे वाक्य आलं कुठून? आयपीसीसीने आधार दिला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. त्यांनी घेतलं होतं न्यू सायंटिस्ट या विज्ञान साप्ताहिकातल्या १९९९ च्या बातमीवरून, आणि ती बातमी होती एका भारतीय हिमनदी अभ्यासकाच्या बोलण्यावर बेतलेली. त्याच वर्षी आपल्याकडच्या डाउन टू अर्थ या पर्यावरणाच्या नियतकालिकात पण जवळपास तेच वाक्य छापून आलं होतं. आणि १९९६ च्या एका रशियन शास्त्रज्ञाच्या अहवालात ५ लाखांवरून १ लाख हा आकडा सापडतो, पण तो ध्रुवांबाहेरच्या सगळ्या पृथ्वीवरच्या बर्फाबद्दल, आणि साल दिलंय २३५०. दोन आकडे इकडचे तिकडे झाले की २३५० चं २०३५ होतं, तसंच काहीसं झालं असावं असं या प्रकरणाचा माग काढणाऱ्या अभ्यासकांचं मत आहे.

आता यात लक्षात घ्या की या आकड्यामागे कोणाचं मोजमाप नव्हतंच. तो प्रयोगशाळेतून आला नव्हता, कोणी हिमनदीवर काठ्या रोवून काढलेला नव्हता. तो नियतकालिकाच्या पानातून निघाला, एका संस्थेच्या अहवालात शिरला, तिथून आयपीसीसीत गेला आणि मग "संयुक्त राष्ट्रांचे शास्त्रज्ञ म्हणतात" असा शिक्का घेऊन परत पेपरात आला. ज्याला आपण "विज्ञान चुकलं" म्हणतो ती माध्यमांनी स्वतःच सोडलेली गोष्ट होती, फिरून घरी आली तेव्हा त्यांना ओळखू आली नाही. आणि पकडली कोणी? कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाच्या ग्रॅहम कॉगली यांनी हा सगळा माग काढला, ऑस्ट्रियाचे हिमनदी अभ्यासक गेऑर्ग कासर म्हणाले की मी छपाईआधीच सावध केलं होतं, आणि मसुदा तपासताना जपान सरकारकडून पण विचारलं गेलं होतं की या वाक्याची खात्री किती. म्हणजे चूक शोधणारे शास्त्रज्ञच होते.

एवढं बोलून मी आयपीसीसीला सोडून देत नाहीये, मामांच्या बाजूने जे सगळ्यात वजनदार आहे ते मला मान्यच करायचंय. नोव्हेंबर २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्ही. के. रैना यांचा एक चर्चात्मक अहवाल प्रसिद्ध केला. रैना भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतून निवृत्त झालेले, आयुष्य हिमनद्यांवर घालवलेलं. त्यांचं म्हणणं होतं की हिमालयातल्या हिमनद्या हवामानबदलाने काही विलक्षण वेगाने मागे हटतायत असा पुरावा दिसत नाही. यावर आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी "वूडू सायन्स" म्हणून ते उडवून लावलं. दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० ला, आयपीसीसीला त्या परिच्छेदाबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला. मंत्र्याने विचारलेल्या प्रश्नाला शिवी मिळते आणि नंतर प्रश्न बरोबर निघतो, हे कुठल्याही सामान्य माणसाला टोचणारच. त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल चोरून बाहेर काढले गेले होते, हवामानबदलावरची कोपनहेगनची परिषद गाजावाजा होऊन फसली होती, आणि लोकांच्या मनात हे सगळं एकत्र कालवलं गेलं. त्या ईमेलांवर पुढे तीन-चार चौकशा झाल्या, कुठेही आकडे बनवल्याचं निघालं नाही, पण ती बातमी आतल्या पानावर एक कॉलम. मामांच्या फाईलीत ती नाही. कशी असेल, कापावी अशी ती छापलीच नव्हती ना.

आणि रैनांच्या अहवालाचं पण माध्यमांनी तेच केलं जे २०३५ चं केलं होतं. तो मोजक्या हिमनद्यांच्या नाकाडांवर, म्हणजे पुढच्या टोकांवर, मुख्यतः बेतलेला होता. टोक स्थिर असलं तरी वरून बर्फाची जाडी कमी होत असू शकते, हे त्या विषयातल्या कोणालाही माहीत असतं. पण मथळा काय झाला, हिमनद्या वितळत नाहीत. एका भाकिताच्या जागी दुसरं भाकीत बसलं, बस.

मग खरंच काय चाललंय तिथे? २०१९ मध्ये एक अभ्यास आला, त्यात अमेरिकेच्या शीतयुद्धातल्या हेरगिरी उपग्रहांनी सत्तरच्या दशकात काढलेले फोटो वापरले होते. ते फोटो रशिया-चीनवर नजर ठेवायला काढलेले, पण त्यात हिमालय पण आला होता. त्यावरून साडेसहाशे हिमनद्यांची उंची काढली, नंतरच्या उपग्रहांशी ताडून बघितली, आणि निघालं की २००० नंतर बर्फ जाण्याचा वेग आधीच्या २५ वर्षांच्या दुप्पट झालाय, जाडी वर्षाला सरासरी अर्धा मीटरच्या आसपास उतरतेय. काठमांडूच्या इसिमॉड या पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने त्याच वर्षी सांगितलं की तापमानवाढ दीड अंशात रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाणार, उत्सर्जन असंच राहिलं तर दोन तृतीयांश. आणि काराकोरममध्ये काही हिमनद्या बऱ्याच काळ टिकून आहेत, काही पुढे पण सरकल्या, हे पण तितकंच खरं आहे. २०३५ पेक्षा हे चित्र कितीतरी गुंतागुंतीचं आणि माझ्या मते कितीतरी जास्त काळजीचं आहे, कारण यात मोजमाप आहे. पण याला साल नाही, मथळा होत नाही, म्हणून हे डिबेटमध्ये येत नाही.

यावर एक युक्तिवाद मी चांगल्या चांगल्या पर्यावरणवाल्या मित्रांकडून ऐकलाय आणि तो फालतू नाही. ते म्हणतात, अरे तू असा कदाचित, अंदाजे, साधारण करत बसलास तर सरकार हलणार आहे का, लोकांना भीती वाटल्याशिवाय काही होत नाही, थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं काय. आणि पेपरवाल्या मित्राचं म्हणणं असं की मला संध्याकाळी सहाला फोन येतो, सातला कॉपी द्यायची असते, ऑफिसात विज्ञान कळणारा वेगळा माणूस नाही, मथळ्याला सात-आठ शब्द मिळतात, त्यात तुझी खात्रीची पातळी कुठे कोंबू? हे सगळं मला कळतं. पण वाढवून सांगितल्याची किंमत कोण मोजतं ते बघा ना. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी पोलीस स्टेशनात गेले आणि हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली, की तुम्ही चांगला पाऊस सांगितला म्हणून आम्ही पेरलं आणि पाऊस गेला. शहरात त्या बातमीवर लोक हसले. मला हसू आलं नाही. खातं जेव्हा सरासरीच्या ९६ टक्के म्हणतं तेव्हा सोबत लिहितं की पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, आणि तो आकडा चार महिन्यांचा, अख्ख्या देशाचा असतो. माजलगावात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काय होईल हे त्यात नसतंच. हा मजकूर खात्याच्या पत्रकात असतो, टीव्हीपर्यंत येता येता गळतो, आणि बियाण्याच्या पिशवीचे पैसे शेतकऱ्याचे जातात. खात्याचा पण दोष आहे, त्यांनी तालुक्याच्या भाषेत बोलायला फार उशीर केला. पण ज्याने ते पाच टक्के कापून टाकले तो कधीच तक्रारीत येत नाही.

आणि खात्री नसली की धोरण होत नाही हे तर इतिहासात टिकतच नाही. फ्रिज-स्प्रेमधल्या सीएफसी वायूंमुळे ओझोनच्या थराला धोका आहे हे १९७४ मध्ये सांगितलं गेलं, अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ मध्ये जाहीर झालं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलमध्ये करार झाला तेव्हा ते छिद्र नेमकं कशामुळे यावर अजून वाद चालू होते, विमानातून मोजमाप त्याच महिन्यात चालू होतं. तरी सह्या झाल्या, आणि नवीन पुरावा आला की अटी कडक करायच्या अशी सोय करारातच ठेवली. लंडन, कोपनहेगन अशा नंतरच्या बैठकांत तो पुढे पुढे कडक होत गेला. तिथे कोणी अमुक साली सगळे आंधळे होणार असं भाकीत ठोकून सह्या घेतल्या नव्हत्या. उलट शंका कोणाला हवी असते ते पण बघा, १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत कागदात लिहिलंय की शंका हाच आमचा माल आहे. तुम्ही वाढवून सांगितलेलं प्रत्येक भाकीत त्या दुकानाला फुकटचा माल पुरवतं.

आपल्या परळची एक गोष्ट यात मला फार महत्त्वाची वाटते. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिननी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस बनवली, पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली, त्यातले एकाच बाटलीतले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिनना कामावरून बाजूला केलं, लसच विषारी अशी बोंब झाली, आणि तो प्लेगचा जोराचा काळ होता. पुढे निघालं काय, तर गावात मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बाटली उघडली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉससारख्यांनी बाजू लावून धरली तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं. १९ माणसं खरंच मेली होती, चूक खरंच झाली होती, ती लपवायची नव्हतीच. पण चूक चिमट्याची होती की लसीची, हा फरक त्या वेळी कोणी मांडला असता तर? आयपीसीसीच्या त्या परिच्छेदात पण पडलेला चिमटाच होता. त्या अहवालाच्या धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात तर २०३५ चा उल्लेखच नव्हता.

आता परत धरालीकडे येतो, कारण इथे शब्दच धोरण ठरवतात. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. त्या दिवशी जवळपासच्या केंद्रांवर तसा पाऊस नोंदलाच गेला नव्हता, वरून गाळ-दगड कसे सुटले यावर अभ्यासक नंतर बोलत राहिले, पण पट्टीवर ढगफुटी लागली ती लागली. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत पण हेच, ग्लेशियर फुटला म्हणून दिवसभर सांगितलं, प्रत्यक्षात रोंती शिखराच्या कड्याचा खडक आणि बर्फ मिळून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा तुकडा सुटून खाली आला होता, आणि तो ऋषिगंगा अन् तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पांवर गेला. दोनशेवर माणसं गेली, बरीचशी प्रकल्पावरचे कामगार. ढगफुटी म्हटलं, ग्लेशियर फुटला म्हटलं की ते आभाळातून आलेलं संकट, कोणाचं काही चुकलं नाही, मदत जाहीर करा. तेच नाळेच्या तोंडाशी पुराच्या गाळावर बांधकामाला परवानगी कोणी दिली, त्या अरुंद दरीत बोगदे कोणी मंजूर केले असं विचारलं की फाईल उघडावी लागते. आपण मुंबईकरांनी पण हेच केलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच दिवशी ७५ पण नाही. पाऊस भयानक होता यात वादच नाही. पण ढगफुटी ढगफुटी म्हणत आपण मिठी नदीचं काय केलं होतं ते बोलायचं टाळत होतो, धावपट्टीखाली वळवलेली, बीकेसीच्या भरावाने आवळलेली. त्या पुराची कारणं शोधायला नेमलेल्या चितळे समितीने ते सगळं लिहून दिलं, पण किती जणांनी वाचलं?

सह्याद्रीत तर हे मी स्वतः पाहिलंय. माधव गाडगीळांच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, मंत्रालयाने तो दाबून ठेवला, माहिती अधिकार, माहिती आयोग, कोर्ट असं होत मे २०१२ मध्ये बाहेर आला. त्यात ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन आखून झोन पाडले होते. हे ढोबळ आहे अशी टीका झाली आणि ती टीका बरोबर आहे, एवढ्या चौकोनात डोंगर पण येतो, बाजारपेठ पण येते. पण अहवालातच म्हटलं होतं की हे प्राथमिक आहे, शेवटच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा. म्हणजे अनिश्चितता उघड लिहिली होती आणि ती कमी करायचा रस्ता पण दिला होता. माध्यमांत काय आलं? एका बाजूने सगळ्याला बंदी, दुसऱ्या बाजूने माळीण, तळिये, इर्शाळवाडी, वायनाड, कुठे दरड कोसळली की दर वेळी गाडगीळांचं भाकीत खरं ठरलं. अहवालात तसं भाकीत नव्हतंच हो. शिवाय इर्शाळवाडी तर सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत पण नव्हती, मग भाकिताच्या हिशेबाने तिथे काही व्हायलाच नको होतं. तो अहवाल पुन्हा तपासायला नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने पुढे उपग्रहाच्या बारीक नकाशावरून जपायचं संवेदनशील क्षेत्र पश्चिम घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणलं, केंद्राने २०१४ पासून त्याच्या अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदे काढले, सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

अशाच एका मसुद्यावर आमच्या आजोळी, रायगडातल्या डोंगरपट्ट्यातल्या वाडीत, ग्रामसभा झाली तेव्हा मामा आणि मी दोघं होतो. शाळेच्या पडवीत शंभरेक माणसं, बाहेर पाऊस. वाडीच्या वरच्या अंगाला खडीची खाण आहे. एक म्हातारी उभी राहिली, पदर सावरत म्हणाली, "बंदी आमच्या नाचणीला हाय का वरच्या खानीला, येवढंच सांगा." कोणाला सांगता येईना. ग्रामसेवकांकडे फक्त गावांच्या नावांची यादी होती. माझ्या फोनवर मसुदा होता, इंग्रजीत, मी उठून सांगितलं की यात खाण, खडी, वाळू उपसा, मोठी बांधकामं आणि प्रदूषण करणारे कारखाने यांच्यावर बंदी आहे, नाचणीबद्दल काही नाही. मागून एक जण म्हणाला, "पेपरात तर आलंय, खिडकी बसवायची तरी दिल्लीची परवानगी लागनार." आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघून माना हलवल्या, कारण पेपर सगळ्यांनी ऐकला होता आणि मसुदा कोणीच नाही. विरोधाचा ठराव झाला. म्हातारीने पण अंगठा दिला.

मागच्या मे महिन्यात आंब्याला गेलो तेव्हा मामा मला वर घेऊन गेले. खाणीच्या माथ्यावर गवतात एक भेग पडलीय, पंधरा-वीस पावलं लांब. मामांनी हातातली काठी तिच्यात घातली, ती मुठीपर्यंत आत गेली, मग ते तिथेच उकिडवे बसून बोटाने काठीवरची माती मोजत बसले आणि म्हणाले की गेल्या वर्षी अर्धीच जात होती, मी खूण करून ठेवली होती, ही बघ. चाकूने केलेली खाच होती. "ही कोणाला दाखवायची रे?"